हातचं काम सोडताना

कर्जत लाइनवरच्या वांगणीत आमच्या गल्लीत एक गायक राहतात. पूर्ण दृष्टिहीन आहेत. ऑर्केस्ट्रात गातात, हळदीच्या आणि गणपतीतल्या कार्यक्रमांच्या सुपाऱ्या घेतात, आणि कार्यक्रम नसेल त्या दिवशी लोकलमध्ये माल विकतात. कार्यक्रमाचा फोन आला की ते तीनच गोष्टी विचारतात. बिदागी किती, आणि त्यातली आधी किती? कार्यक्रम संपल्यावर शेवटच्या कर्जत गाडीला मला कोण सोडणार? आणि बॅनरवर माझं नाव असणार, की नुसतं ‘अंध कलाकार’? तिन्हींची उत्तरं नीट मिळाली तर तारीख देतात. एकाचंही उत्तर ‘ते बघू नंतर’ असं आलं, तर ‘मग दुसऱ्या कुणाला विचारा, दादा’ म्हणून फोन ठेवतात. आवाज चढत नाही की कारणांची लांबण लागत नाही.

मी अनुवाद करते, माहितीपत्रकांचा मजकूर लिहिते, छोट्या प्रकाशकांना पुस्तकांची पानं लावून देते. या धंद्यातली पहिली काही वर्षं मी एकाही कामाला नाही म्हटलं नव्हतं. चालून आलेली लक्ष्मी परत पाठवू नये, असं घरात ऐकतच मोठी झाले होते. पुढे नाही म्हणायला लागले तेव्हाही चुकतच राहिले, कारण घ्यायचं की सोडायचं हे मी फोन कानाला असताना ठरवत होते. समोरच्याचा आवाज गोड असला की हो, माझं डोकं दुखत असलं की नाही. चांगली कामं मी वैतागाच्या दिवशी सोडली आणि नको ती कामं भिडेपोटी घेतली. या गायक शेजाऱ्यांचे प्रश्न फोन येण्याच्या आधीच ठरलेले असतात, हे ध्यानात आलं तेव्हा मला माझ्या कामाची तशीच तयारी करावीशी वाटली. तुम्ही चित्रं काढत असाल, फोटो काढत असाल, बॅनर-पत्रिका करत असाल, आवाज देत असाल, तर तुम्हालाही ती करता येईल.

सुरुवात तासांपासून करा. दरपत्रक नंतर.

वांगणी सीएसएमटीपासून ७९ किलोमीटरवर आहे. बदलापूरला संपणाऱ्या लोकल आपल्या उपयोगाच्या नाहीत. कर्जत आणि खोपोलीच्याच गाड्या इथवर येतात. दादरच्या ऑफिसातून ‘जरा अर्धा तास भेटून जा’ असा निरोप आला की घरातून निघून घरी परत येईपर्यंत माझे पाच तास जातात. गाडी चुकली तर सहा. ठाण्यात राहणाऱ्या माणसाला जे काम परवडतं ते आपल्याला परवडत नाही, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. उलट, इथली घरभाडी कमी म्हणून एखादं काम आपल्याला परवडतं आणि त्याला नाही. म्हणून दुसऱ्याचा दर विचारून आपला ठरवू नका.

कागद घ्या. समजा, भाडं, किराणा, वीज, इंटरनेट धरून महिन्याला २८,००० रुपये लागतात. महिन्याचे २० दिवस, आणि दिवसाला खरोखर काम उरकतं असे ५ तास, म्हणजे झाले १०० तास. ताशी २८० रुपये नुसते जगण्याचे. आजारपण, कोरडे महिने, लॅपटॉपची दुरुस्ती, कर हे सगळं त्यात घातलं की ताशी ४०० रुपयांच्या खाली उतरता येत नाही. आता आलेलं काम या मापानं मोजा. आठ पानी माहितीपत्रक, ४,००० रुपये. लिहायला आणि पानं लावायला ९ तास. दादरच्या दोन भेटी, १० तास. करेक्शन ६ तास. पैशांसाठी फोन, मेसेज आणि एक फेरी, ३ तास. एकूण २८ तास, म्हणजे ताशी जेमतेम १४३ रुपये. फोनवर ४,००० हा आकडा मोठा वाटला होता.

पण लगेच नाही म्हणू नका, कारण हाच हिशेब उलटा मांडता येतो. भेटी फोनवर, करेक्शनच्या दोनच फेऱ्या, अर्धे पैसे आधी, असं ठरलं तर तेच काम १३ तासांत होतं. रक्कम ५,५०० झाली तर ताशी ४२३ रुपये पडतात. म्हणजे आपल्याला ते काम नको नव्हतं, त्याच्याबरोबर येणाऱ्या फेऱ्या नको होत्या. माझ्या वहीत ‘सोडलेली कामं’ असं एक पान आहे. त्यातली निम्मी कामं मी अटी बदलून घेऊ शकले असते, असं आता ती वाचताना दिसतं. अट सांगायचा संकोच वाटला, म्हणून कामच सोडलं. अट मान्य नसेल तर नाही म्हणायचं काम समोरचा करतो, आणि ते त्याला आपल्यापेक्षा सोपं जातं.

तासांनंतर तारखा. तमाशाच्या फडांकडून हे शिकण्यासारखं आहे. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची पुढारी मंडळी येतात आणि जत्रेच्या सुपाऱ्या ठरतात. एक तारीख एकाच गावाची. त्याच रात्रीसाठी दुसरं गाव जास्त पैसे घेऊन आलं तरी फडाला दोन ठिकाणी उभं राहता येत नाही. आपलं काम संगणकावर चालतं म्हणून एका दिवसात दोन गावं बसतील असं वाटतं. तीही बसत नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर घेतलेलं काम दिवसांत लिहा, पूर्ण होण्याची तारीख तेवढी लिहून भागत नाही. कुठल्या दिवशी कुणाचं काम हे दिसायला लागलं की ‘बसवू कुठेतरी’ हे शब्द तोंडून निघत नाहीत.

आपल्याकडचा कसोटीचा काळ म्हणजे पावसाळा. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीतले चित्रकार, मुद्रितशोधक, अक्षरजुळणी करणारे यांचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं. अंक दिवाळीत येतो, पण त्याचं काम जुलै ते सप्टेंबरमध्ये चालतं. नेमकं तेव्हाच उल्हास नदी फुगते, गाड्या बंद पडतात, वीज जाते. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली आणि शेकडो प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, हे या पट्ट्यातल्या प्रत्येकाला आठवतं. पावसात ज्या कामासाठी छापखान्यात उभं राहावं लागणार, रंग डोळ्यांनी तपासून सही द्यावी लागणार, ते मी जुलै-ऑगस्टमध्ये घेत नाही. घरी बसून होणारं घेते, आणि तेही दोन दिवस जास्तीचे मागून. अर्जंट म्हणून आलेल्या कामाला ‘पाऊस आहे, माझ्याकडे वीज जाते’ हे कारण आधी सांगितलं तर खबरदारी ठरतं, नंतर सांगितलं तर सबब.

दिवाळी अंकांचा विषय निघाला आहे तर मानधनाचंही बोलू. पुष्कळ अंकांचं मानधन तुटपुंजं असतं. काही ठिकाणी अंकाची एक प्रत मिळते आणि व्यवहार संपतो. अशी सगळी कामं सोडा, असं मी म्हणणार नाही. मराठीत जे काही चांगलं उभं राहिलं, त्यातलं बरंच तुटपुंज्या पैशात किंवा बिनपैशात झालं आहे आणि मला त्याबद्दल आदर आहे. पण ते ज्यांनी केलं त्यांच्या चुलीकडेही पाहायला हवं. वसंत सरवटे एसीसी या सिमेंट कंपनीत अभियंता होते. चित्रं आणि व्यंगचित्रं नोकरी सांभाळून काढली. अरुण कोलटकर जाहिरातीच्या क्षेत्रातले नावाजलेले कलादिग्दर्शक होते. कविता त्यांनी आपल्या गतीनं आणि आपल्या अटींवर छापली. चित्र किंवा कविता घरखर्च भागवत नव्हती, म्हणून तिच्या बाबतीत त्यांना नाही म्हणता येत होतं, असं मला वाटतं. ज्यांचं घर याच कामावर चालतं, त्यांनी प्रेमापोटी करायच्या कामांची संख्या वर्षाच्या सुरुवातीला ठरवावी. माझी दोन आहेत. तिसरं कितीही चांगलं असलं तरी ‘पुढच्या वर्षी नक्की’ असं सांगते, आणि पुढच्या वर्षी त्यांना स्वतःहून फोन करते.

याचाच दुसरा भाग म्हणजे गाठीला तीन महिन्यांचा खर्च. नाही म्हणण्याचं बळ बहुतेक वेळा तिथूनच येतं. बँकेत ८०० रुपये असताना तत्त्वाच्या गोष्टी कुणी सांगू नयेत आणि कुणी ऐकूही नयेत. हातात पैसे नसतील तर कमी दराचं काम घ्या, त्यात लाज नाही. फक्त त्या महिन्यात ते का घेतलं हे वहीत लिहा, म्हणजे तो दर कायमचा होत नाही. पण कामाची एक जात अशी आहे की जी हात कोरडे असतानाही घेऊ नये. ते मी इथेच शिकले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ या पट्ट्यात घरांच्या जाहिरातींचं काम सतत असतं. बॅनर, पत्रकं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे व्हिडिओ, रिक्षात वाजणारा आवाज, सगळं स्थानिक मुलंमुलीच करतात. मलाही एका पत्रकाचा मजकूर लिहायला आला होता. ‘स्टेशनपासून ५ मिनिटं’ हे वाक्य त्यांचंच होतं. मला ते खुलवून लिहायचं होतं. पैसे चांगले होते आणि त्या महिन्यात मला हवे होते. मी मजकूर लिहून दिला. नंतर आमच्याच गल्लीतल्या एका दृष्टिहीन जोडप्यानं ते पत्रक कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि मला विचारलं, ‘ताई, पाच मिनिटं म्हणजे कशी? रस्त्याला कठडा आहे का?’ दुसऱ्या दिवशी मी चालत गेले. डोळे असून, हातात काठी नसून, मला २२ मिनिटं लागली. वाटेत रस्त्याची कड संपत होती आणि पुढे चिखल होता. ते घर त्यांनी घेतलं नाही, पण ते पत्रक वाचून आणखी कुणी घेतलं असेल, हे माझ्या मनातून गेलेलं नाही.

वांगणीत राहायला येणारी माणसं आयुष्यभराची बचत घेऊन येतात. गाडीत खेळणी, कुलपं, पाकिटं विकून जमवलेले पैसे असतात. त्यांच्यासाठी आपण जो शब्द लिहितो तो मोजून घेतला जातो. तेव्हापासून घराच्या जाहिरातीचं काम आलं की मी पहिला प्रश्न महारेराच्या नोंदणी क्रमांकाचा विचारते. बांधकाम प्रकल्पांसाठीचा रेरा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात त्याखालच्या महारेरा प्राधिकरणाचं काम १ मे २०१७ पासून सुरू झालं. नोंदणी लागू असलेल्या प्रकल्पाची नोंदणीआधी जाहिरातच करता येत नाही. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा एकूण घरं आठाहून जास्त नसतील तर सूट आहे, त्यामुळे नंबर नाही म्हणजे लगेच फसवणूक असं समजू नका. पण का नाही, हे विचारा. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्रमांकाबरोबर क्यूआर कोडही छापावा लागतो. नंबर मिळाला की महारेराच्या संकेतस्थळावर तो टाकून प्रकल्पाचं नाव, गाव आणि पूर्ण होण्याची तारीख जुळते का ते पाहायला दहा मिनिटं लागतात. ‘नंबर येतोय, तोपर्यंत डिझाइन तर करून ठेवा’ असं म्हटलं तर नंबर आल्यावर करू, असं सांगा. मजकुरातलं अंतर स्वतः चालून पाहा. चालता येत नसेल तर मिनिटांऐवजी मीटर लिहा. ‘मीटर नको’ असं म्हणणाऱ्याचं काम सोडा.

हीच नजर बाकीच्या कामांना लावता येते. एखाद्या नामांकित कंपनीचं लेबल पुढ्यात ठेवून ‘हुबेहूब असंच, फक्त एक अक्षर बदला’ असं सांगणारा कुठल्याही बाजारात भेटतो. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात खोटं व्यापारचिन्ह लावण्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाखांपर्यंत दंड आहे, आणि त्यासाठी ठसा किंवा ब्लॉक तयार करणाराही त्यात येतो. दोन हजार रुपयांच्या लेबलसाठी हा धोका पत्करू नका. अनुवादकांनी मूळ पुस्तकाची परवानगी विचारावी. अनुवादाचा हक्क मूळ लेखकाचा किंवा ज्याला त्यानं तो दिला त्याचा असतो, आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क चालतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांना खुलं झालं. कालपरवा गाजलेलं इंग्रजी पुस्तक ‘परवानगी मिळेल, तुम्ही सुरू करा’ म्हणून आलं, तर पत्र आल्यावर सुरू करते, असं सांगा. मी एकदा तसं न सांगता १४० पानं करून बसले होते. परवानगी आली नाही, पैसेही आले नाहीत.

करारावर सही करण्याआधी स्वामित्वहक्काच्या दोन-तीन गोष्टी माहीत असल्या की कुठे अडून बसायचं ते कळतं. १९५७ च्या कायद्यानुसार स्वतंत्रपणे लिहिणाऱ्याच्या मजकुराचा पहिला मालक लिहिणाराच असतो. फोटो, रंगचित्र, व्यक्तिचित्र यांचं वेगळं आहे: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन केलं असेल आणि करारात दुसरं काही नसेल, तर पहिला मालक सांगणारा ठरतो. म्हणून छायाचित्रकारांनी आणि चित्रकारांनी काम हातात घेण्याआधी लिहून घेणं जास्त गरजेचं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरते, असं कायदा मानतो. हक्क देऊन टाकल्यावरही कृती आपली आहे हे सांगण्याचा आणि तिची नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड होऊ न देण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. शेजाऱ्यांचा बॅनरवरच्या नावाचा आग्रह याच जातीचा आहे.

‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे’ असं लिहिलेला कागद आला म्हणजे काम वाईटच, असं नाही. मी चित्रकार असते तर साबणाच्या वेष्टनाचं चित्र कायमचं दिलं असतं. मुलांच्या गोष्टींची चित्रं दिली नसती, कारण त्यांची पुढे दहा पुस्तकं होऊ शकतात. किंमत त्या हिशेबानं सांगायची, आणि जुळलं नाही तर सोडायचं.

आवाज देणाऱ्यांनी आणि गाणाऱ्यांनी अलीकडे आणखी एक ओळ शोधायला शिकलं पाहिजे: या ध्वनिमुद्रणावरून यंत्रानं आपला आवाज बनवायची मुभा त्यात दिली आहे का? २६ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची परवानगीशिवाय नक्कल करण्याला अंतरिम मनाई केली. त्यांच्याकडे नाव होतं, वकील होते. आपल्याकडे सही करण्याआधीचा एक दिवस असतो. वाचून न दाखवता ‘इथे अंगठा द्या’ म्हणणाऱ्याचं काम आमच्या गल्लीत कुणी घेऊ नये, म्हणून असे कागद मी आता शेजाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवते. आणि अनुवादकांकडे सध्या ‘मशीननं केलंय, फक्त नजर टाका’ अशी कामं निम्म्या दरात येतात. दर ठरवण्याआधी त्यातली दोन पानं करून घड्याळ लावून पाहा. मला बहुतेक वेळा नवा अनुवाद करण्यापेक्षा ते निस्तरायलाच जास्त वेळ लागला आहे.

आता पैसे. अर्धे आधी मागा. नव्या पार्टीकडून तर नक्कीच. सुपारी हा शब्द यासाठीच आहे. हातावर काही ठेवल्याशिवाय तारीख पक्की होत नाही, हे बँडवाल्याला, मंडपवाल्याला, आचाऱ्याला सगळे मान्य करतात. फक्त लिहिणाऱ्याला आणि चित्र काढणाऱ्याला ‘आधी काम तर दाखवा’ म्हणतात. आधीची कामं दाखवा, नमुना म्हणून नवं काम फुकट करून देऊ नका. जो आगाऊ रकमेवर रागावतो तो शेवटच्या रकमेवरही रागावतो, हा माझा तरी अनुभव आहे. ठरल्याप्रमाणे पैसे येईपर्यंत ओपन फाइल देऊ नका, आणि हे आधीच सांगून ठेवा.

उद्यम नोंदणी करून ठेवा. ती १ जुलै २०२० पासून सुरू आहे, आधारवर होते, पैसे लागत नाहीत, आणि एकट्यानं सेवा देणाऱ्यालाही करता येते. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार अशा नोंदणीकृत छोट्या व्यावसायिकाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत, पण फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवसांत. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागतं. नोंदणी काम घेण्याआधी करा. बिल अडकल्यावर केली तर त्या बिलाला ती उपयोगी पडेल असं धरून चालू नका. कोटेशनवर उद्यम क्रमांक आणि ‘१५ दिवसांत’ ही ओळ छापलेली असली की ९० दिवसांनी पैसे देणारे बरेचसे आपोआप गळतात. त्यांना वेगळं नाही म्हणावं लागत नाही.

सगळ्यात अवघड नकार ओळखीतला. मामांचं दुकान, आत्याच्या मुलाचं लग्न, सोसायटीचा गणपती. इथे पैशांचं बोलणं म्हणजे नात्यात व्यवहार आणणं, असं वाटतं. मला यातून आहेरानं सोडवलं. लग्नात आपण आहेर करतो, तो एकदाच करतो आणि आपल्या ऐपतीनं करतो. ‘मामा, लग्नाची पत्रिका मी करीन, तो माझा आहेर. दुकानाचं माहितीपत्रक धंद्याचं आहे, त्याचे मी घेते तेच पैसे घेईन, तुम्हाला घाई नसेल तर निवांत करून देईन.’ मामा दोन दिवस गप्प होते. मग त्यांनी विचारलं, किती? मंडळाच्या कार्यकर्त्यांना मी वर्गणी देते आणि बॅनर नाही म्हणते. दोन्ही मागितलं तर निवड त्यांना करू देते. यावर नाराज झालेली माणसं आहेत, आणि ती नाराजी मी सोसते. रात्री दोन वाजता फुकटच्या बॅनरवर ‘अध्यक्षांचा फोटो मोठा करा’ असा मेसेज आल्यावर त्या माणसांबद्दल मनात जे यायचं, त्यापेक्षा ही नाराजी बरी.

नाही कसं म्हणायचं? त्याच दिवशी. ‘बघते’, ‘सांगते’, ‘प्रयत्न करते’ ही आपल्या भिडस्त तोंडची उत्तरं समोरच्याला अडकवून ठेवतात. तो दुसरीकडे जात नाही, आठ दिवसांनी आपण नाही म्हणतो, आणि तोवर त्याची वेळ गेलेली असते. नकारानं माणसं तुटत नाहीत, या टांगून ठेवण्यानं तुटतात. दोन ओळी पुरतात. ‘साहेब, तुमचा मजकूर वाचला. १२ तारखेपर्यंत माझ्याकडे जागा नाही, त्यानंतर चालणार असेल तर कळवा.’ किंवा ‘मॅडम, या रकमेत १२ पानं मला जमणार नाहीत, ६ पानं करून देऊ शकते.’ किंवा नुसतं, ‘हे काम मी घेणार नाही. विचारलंत, आभारी आहे.’ आजारपणाचं, पाहुण्यांचं खोटं कारण सांगू नका. पाहुणे गेल्यावर तो परत फोन करतो. जे काम दर वाढवूनही घ्यायचं नाही त्याला दराचं कारण देऊ नका, नाहीतर तो दर वाढवून देतो आणि आपल्यापुढचा रस्ता बंद होतो. माझं तसं एकदा झालं आहे. घराच्या जाहिरातीचंच काम होतं. मी दुप्पट सांगितले, त्यांनी हो म्हटलं. मग मला खरं कारण सांगावं लागलं, आणि ते आधी सांगितलं असतं तर दोघांचाही आठवडा वाचला असता.

अर्धवट झालेलं काम सोडायची वेळ आली, तर तेवढ्याचे पैसे मागून, झालेलं काम आणि काय राहिलं याची यादी लिहून सोडा. फोन बंद करून गायब होऊ नका. कर्जत लाइनवरची या धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखतात.

आणि काम सोडल्यावर ते कुणाकडे पाठवायचं, हेही ठरवून ठेवा. तारखा नाहीत म्हणून सोडलेलं काम नव्यानं सुरुवात केलेल्या मुलीला द्या, पण तिचा नंबर देण्याआधी तिला विचारा आणि आपण किती सांगितले होते तो आकडाही तिला सांगा, म्हणजे ती निम्म्यात करून बसणार नाही. पैसे बुडवणाऱ्याचं, नंबर नसलेल्या इमारतीचं, चोरीच्या लेबलाचं काम पुढे पाठवू नका. कुणी ‘दुसरं कुणी करेल का?’ असं विचारलं तर मी ‘माहीत नाही’ म्हणते, आणि मग दोन-तीन ठिकाणी फोन करून सांगते की असं काम फिरतंय, तुमच्याकडे येईल.